सोडलेल्या जागेचं गाणं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगतो. मी चपात्यांच्या डब्याएवढा आहे, रंगाने काळा. पुढे जाळी, तिच्यामागे माझा आवाज. वरच्या कडेला एक बारीक भोक, तो माझा कान. पोटात कॅसेट ठेवायची खिडकी आणि तिच्याखाली बटणांची रांग. त्यांतलं एक लाल आहे. ते एकटं दाबून भागत नाही, शेजारचं बटणही सोबत दाबावं लागतं. चुकून कुणी गाणं पुसू नये म्हणून मला घडवणाऱ्यांनी केलेली ही सोय. संशय घ्यायचा तर असा, आधीच, शहाणपणाने घ्यावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे एका लांब टेबलाशी बायका बसत. एकीने मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला, तिसरीने स्क्रू आवळले. शेवटी बसलेल्या बाईने माझ्या कानाशी तोंड आणून म्हटलं, "ऐकू येतंय का रे?" आणि मग तिचंच वाक्य मी तिला परत ऐकवलं. ती हसली आणि मला खोक्यात घातलं. आयुष्यातला पहिला प्रश्न मला असा विचारला गेला, आणि अजूनही माझ्या कामाचं सगळं सार तेवढंच आहे.

मला विकत घेतलं ते एका चष्मेवाल्यांनी. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी रेडिओवरची गाणी टेप करायची, हा त्यांचा एकुलता एक शौक. रेडिओ टेबलावर, मी त्याच्यासमोर, आणि चष्मेवाले माझ्या लाल बटणावर बोट ठेवून बसलेले. निवेदक बोलायचा थांबला की बटण खाली. त्या वेळात घरात कुणी भांडं ठेवलं, कुणी शिंकलं, की चष्मेवाले वळून बघायचे आणि म्हणायचे, "श्श. गप्प."

सर्वांत जास्त गप्प बसावं लागे ते त्यांच्या बायकोला. कारण तिला सतत गुणगुणायची सवय. कपड्यांच्या घड्या घालताना, लेकीची वेणी घालताना, दार उघडायला जाता जातासुद्धा. आणि गंमत अशी की ही बाई गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर मुलांच्या कार्यक्रमात दर आठवड्याला गात असे. तिची गाणी घराघरांत वाजत. फक्त तिच्या घरात ती कधी टेप झाली नाहीत. कार्यक्रम दुपारी असे, तेव्हा चष्मेवाले दुकानात. आणि एकदा लेकीने विचारलंच, "बाबा, आईचं गाणं का नाही टेप करत?" तर ते म्हणाले, "तिचं काय टेप करायचं? ती तर घरातच आहे."

मग एक दिवस ती घरात नव्हती. पुढे काही वर्षांनी चष्मेवालेही गेले. त्यांच्या कॅसेटींनी भरलेला डबा आणि मी, आम्ही त्यांच्या लेकीकडे आलो. लेकीचं तोवर लग्न झालेलं. एका इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, नवरा, सासूबाई, आणि पुढे एक मुलगी. मला कपाटावर, सुटकेसच्या मागे जागा मिळाली. माझ्या पोटातले सेल हळूहळू पाझरले, पट्टा सैल पडला. वर्षानुवर्षं मी फक्त कपाटाखालचं घर ऐकत पडलो होतो.

त्या घरातल्या आईबद्दल, म्हणजे चष्मेवाल्यांच्या लेकीबद्दल, तुम्हाला सांगायला हवं. शिकलेली, नेटकी, घरून भाषांतराची कामं करणारी बाई. पण तिचा कुणावर म्हणून विश्वास नसे. औषधाची बाटली तीनदा वाचायची. दाराची बेल वाजली की आधी भिंगातून बघायची, मग साखळी लावून दार किलकिलं करायची, मग विचारायची, आणि समोर रोजचा दूधवाला असायचा. मुलीचं नाव सगळ्यांनी गुंडी ठेवलेलं, कारण दिसेल ते बटण ती दाबायची. त्या गुंडीला शिंक आली तरी आई खिडकी, पंखा आणि शेजारी या तिघांवर संशय घेई. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोर आहे ते. शिंकणारच."

"पण आत्ताच का शिंकली?" ती विचारायची.

एके दिवशी तिला लॅपटॉपवर एक वेबसाइट सापडली. तिच्या माहेरच्या त्या छोट्या रेडिओ केंद्राने जुने कार्यक्रम तिथे ऐकायला ठेवले होते. बटण दाबलं आणि खोलीत तिच्या आईचा आवाज आला. कपाटावर, सुटकेसच्या मागे, माझ्यासुद्धा काळजात काहीतरी हललं. मोटरच असेल.

*डोळ्यांच्या खिडक्या कुणी गं लावल्या?*

अंगाई होती ती. ती बाई जमिनीवर बसून ऐकत राहिली. तिच्या आईचा आवाज साऱ्या जगात आता फक्त तिथे होता, आणि त्याच पानावर खाली लिहिलं होतं की महिनाअखेरीस ही वेबसाइट बंद होणार आहे. गाणं ऐकता येत होतं. उतरवून घेता येत नव्हतं.

तिने केंद्रात फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं की मूळ टेपा पावसाळी ओलीने केव्हाच गेल्या, वेबसाइट चालवणारे दुसरेच कुणी आहेत, पण "तुमच्याच आईंचं गाणं आहे ना? घरच्यासाठी टिपून घ्या की. आमची कसली हरकत?"

फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "इतक्या सहज हो कसा म्हणाला तो?"

"कारण तो भला माणूस असेल," नवरा म्हणाला. हा इमारतींचे नकाशे काढायचा आणि सगळं सरळ रेषेत बघायचा. "आणि त्यात अवघड काय आहे? एक छोटा प्रोग्रॅम घालायचा. लॅपटॉपवर जे वाजेल ते आतल्या आत रेकॉर्ड होतं."

"कुणाचा प्रोग्रॅम?"

"असतो कुणाचा तरी. फुकट आहे."

"फुकट का आहे?"

ती स्वतः शोधायला बसली, तर एका पानावर 'डाउनलोड' लिहिलेली बटणंच बटणं, एक हिरवं, एक लुकलुकणारं, एक हलणारं. त्यांतलं खरं कोणतं ते कळेना. एक प्रोग्रॅम म्हणाला, कॅमेरा वापरायची परवानगी द्या. तिने लॅपटॉप पटकन मिटला. "गाणं घ्यायला कॅमेरा कशाला लागतो?" मित्रांनो, तिचा हा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. तेव्हापासून त्या लॅपटॉपच्या डोळ्यावर गुंडीच्या स्टिकरमधला एक हत्ती चिकटवलेला आहे.

"फोनवर घे मग," नवरा म्हणाला.

"फोन काय ऐकतो आणि कुणाला जाऊन सांगतो, ते मला माहीत नाही."

"मग राहिलं कोण?"

तिने वर बघितलं. सुटकेस सरकली आणि मला उजेड दिसला. मला पुसत ती म्हणाली, "हा कुणाला जोडलेला नाही. ऐकेल आणि स्वतःपाशी ठेवेल." इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

मला दुरुस्तीला नेलं, तर ती दुकानातच स्टूल ओढून बसली, आतले भाग बदलतील म्हणून. दुरुस्तीवाला वैतागून म्हणाला, "ताई, याचे भाग काढून मी करू काय? अजून एक म्हातारा बनवू?" त्याने नवा पट्टा चढवला, पाझरलेल्या सेलांची घाण खरवडली, टेपला टेकून तिचा आवाज वाचणारं माझं डोकं कापसाने पुसलं. ती बघत राहिली, आणि घरी येऊन स्वतः पुन्हा एकदा पुसलं.

चष्मेवाल्यांच्या डब्यातल्या कॅसेटींना बुरशी लागली होती. वेष्टनात असलेली एकच कोरी निघाली. आता हे घडायचं कसं, ते सांगतो. मला लॅपटॉपला जोडायची वायर कुठे मिळेना, म्हणून तिने मला लॅपटॉपच्या पुढ्यात ठेवलं, वडिलांनी रेडिओपुढे ठेवायचे तसं. दुपारची वेळ. गुंडीला घेऊन सासूबाईंना पलीकडच्या खोलीत बसवलं. "अहो आई, काही बोलू नका हं. आणि हिलाही बोलू देऊ नका." मग गाणं लावून, माझी दोन बटणं दाबून ती चवड्यांवर चालत घराबाहेर गेली. जिन्यात उभी राहिली, कुणी बेल वाजवू नये म्हणून. दूधवाला आला, तर त्याच्यावर बोट उगारून म्हणाली, "श्श." तो बिचारा पिशवी छातीशी धरून पायरीवर उभा राहिला.

गाणं झालं. तिने आत येऊन कॅसेट मागे फिरवली आणि ऐकायला बसली. ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठी आली.

*डोळ्यांच्या खिडक्या कुणी गं लावल्या?*

आणि पुढे काही नाही. शांतता. मग एकदम दुसरा प्रश्न, *पायातल्या चपला कुठं गं ठेवल्या?* आणि पुन्हा शांतता. लहानपणी आई घरी हे गाणं म्हणायची तेव्हा प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. इथे उत्तरंच नव्हती; लॅपटॉपवर ऐकताना आईच्या आवाजाच्या नादात हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती नवऱ्याला म्हणाली, "मुद्दाम कापलीत त्यांनी. लॅपटॉपवरही तसंच वाजतंय. कुणी पूर्ण गाणं नेऊ नये म्हणून मधले तुकडे काढून ठेवलेत."

"अंगाईचे तुकडे कोण कशाला चोरेल?"

"आणि हे ऐक. जिथे कापलंय तिथे खाली काहीतरी आहे."

तिने माझा आवाज वाढवला. खरंच होतं. आईचा आवाज थांबला की त्या शांततेत एक बारीक गुणगुण उठायची. आई सुरू झाली की ती नाहीशी. जणू कुणी टपून बसलेलं आणि मोकळीक मिळताच सुरू होणारं.

"खाली दाबून ठेवलाय आईचा आवाज," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत एकाच वेळी राग आणि आशा होती. "पुसायचा राहिलाय तो. अजून जवळून टेप केला तर वर येईल."

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी तिथेच सांगितलं असतं. माझी एक खोड आहे. समोर मोठा आवाज असला की मी कान बारीक करतो, शांतता झाली की कान आपोआप मोठा होतो. त्यामुळे गाणं थांबलं की पलीकडच्या खोलीतली कुजबुजसुद्धा मी उचलतो. आणि पलीकडच्या खोलीत कोण होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण माझ्या पोटात जे टेप झालंय तेवढंच मी बोलू शकतो. त्याच्या पलीकडे मी मुका.

तिने कॅसेट मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावली. नीट नसलेलं काही घरात ठेवायचं नाही, हा तिचा नियम. तडा गेलेला कप नाही, सैल बटणाचं झबलं नाही, बिघडलेलं गाणंही नाही. जुन्यावरच नवं टेप केलं. या वेळी मला लॅपटॉपला अगदी चिकटवून ठेवलं, आवाज वाढवला, पुन्हा जिन्यात जाऊन पहारा दिला.

पुन्हा तेच. आईचा प्रश्न, शांतता, गुणगुण. फक्त या वेळी शांततेत आणखी एक आवाज होता. खुदकन हसल्याचा.

ती ताठ झाली. ते हसू गुंडीचं होतं.

म्हणजे वेबसाइटने काही दाबलेलं नव्हतं. गुणगुण याच घरातली होती. आणि मग तिचा संशय वळला तो थेट पलीकडच्या खोलीकडे. एवढं बजावून सांगितलं होतं, तरी? मागच्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "किती वेळा तेच ते लावतेस गं." गाणं लागलं की त्या उठून आत जायच्या. गुंडीला आजीचं, म्हणजे त्या दुसऱ्या आजीचं, काही मिळू नये असं वाटतंय का त्यांना? विचारावं, तर तेही नाही. संशयी माणसाचं हेच असतं, प्रश्न शंभर, पण ज्याला विचारायचे त्याला एकही नाही. ती जेवताना गप्प, भांडी विसळताना गप्प. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "बरं नाही का?" आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी तिने दोघींना खाली बागेत पाठवलं. घर एकदम रिकामं. कॅसेट मागे फिरवली. आता या बिघडलेल्या गाण्यावर स्वच्छ गाणं बसणार होतं. एक बोट लाल बटणावर ठेवून दुसऱ्या हाताने तिने वेबसाइट उघडली.

पान कोरं होतं. मधोमध एक ओळ, 'हे पान उपलब्ध नाही.'

महिना संपायला अजून अवकाश होता. तिने पुन्हा उघडलं. इंटरनेटवर संशय घेतला, लॅपटॉपवर घेतला, हत्ती काढून कॅमेऱ्याकडेसुद्धा पाहिलं. नवऱ्याला ऑफिसात फोन केला. त्याने तिथून उघडून बघितलं आणि म्हणाला, "इथेही नाही गं."

लाल बटणावरचं तिचं बोट अजून तिथेच होतं. ते तिने हळूच उचललं, विस्तवावरून उचलावं तसं.

दार वाजलं. गुंडीला कडेवर घेऊन सासूबाई आत आल्या. "झालं का मनासारखं?"

"नाही झालं," ती म्हणाली. "आता होणारही नाही. बंद झाली ती वेबसाइट. माझ्याकडे एकच उरलंय, कालचं, आणि त्यात मध्ये मध्ये तुम्ही आहात." तिने माझ्याकडे बोट केलं. "अहो आई, मी हात जोडून सांगितलं होतं बोलू नका म्हणून. एवढी एकच गोष्ट होती माझी."

सासूबाईंनी गुंडीला खाली ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन बसल्या. "लाव बघू."

"कशाला?"

"लाव तर."

तिने लावलं. *डोळ्यांच्या खिडक्या कुणी गं लावल्या?* मग शांतता, आणि त्या शांततेत माझ्यातून गुणगुण. पण या वेळी तिच्या जोडीला समोर बसलेल्या सासूबाईंनी मोकळ्या गळ्याने म्हटलं,

*झोपेनं येऊन कड्या घातल्या.*

आणि गुंडी खुदकन हसली, टेपमध्येही आणि टेपबाहेरही.

*पायातल्या चपला कुठं गं ठेवल्या?* माझ्यातून प्रश्न आला, आणि आता गुंडीनेच उत्तर दिलं, अर्धवट, बोबडं, "स्वप्नाच्या दालात कालून थेवल्या."

गुंडीची आई सासूबाईंकडे वळली. "हे... ही उत्तरं तुम्हाला कशी माहीत?"

"तुझ्या आईनंच शिकवली की," सासूबाई म्हणाल्या. "हे तुटलेलं नाही गं. जागा सोडलीय. गाण्याआधी ती सांगायची, मी प्रश्न म्हणेन, उत्तर घराघरातल्या मुलांनी म्हणायचं. तेवढं सांगणं त्या वेबसाइटवाल्यांनी गाळलं असेल. तेव्हा आमच्या गावातही ते केंद्र लागायचं; तुझ्या नवऱ्याला रेडिओपुढं बसवून मी म्हणून घ्यायचे. उत्तर म्हटल्याशिवाय डोळा लागायचा नाही त्याचा. आता मोठा झालाय, विसरलाय गाढव. माझ्या तोंडून मात्र प्रश्न ऐकला की उत्तर निघतंच; इतक्या हळू म्हटलेलं टेप होईल असं वाटलं नाही." मग गुंडीला मांडीवर घेत, "ती गाणारी म्हणजे तुझी आई, हे मला तू लॅपटॉपवर लावलंस तेव्हा कळलं. आवाजावरून."

"मग मला का नाही सांगितलंत? उलट म्हणालात, किती वेळा तेच ते."

"तू जमिनीवर बसून रडायचीस ते ऐकून. आणि सांगू कधी? गाणं लागलं की तू श्श करतेस."

तिने माझं थांबायचं बटण दाबलं. मला मात्र एका क्षणात चष्मेवाल्यांचं घर आठवलं, रेडिओपुढचं टेबल आणि हातात अर्धी घडी घेऊन गप्प उभी असलेली ती बाई. घरी ती दोन्ही ओळी एकटीच म्हणायची. रेडिओवर मात्र अर्धं गाणं तिने लोकांसाठी रिकामं ठेवलं होतं.

संध्याकाळी नवरा घरी आला. गाणं ऐकलं, आणि बूट काढता काढता त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "झोपेनं येऊन..." मग तो स्वतःच चकित होऊन तसाच एका पायात बूट घेऊन उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "बघ. गाढवाला आठवलं."

मित्रांनो, कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या झडपा असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही टेप करता येत नाही. तिने सुरीच्या टोकाने त्या स्वतः मोडल्या. बिघडलेलं काही घरात न ठेवणाऱ्या बाईने ते गाणं तसंच, गुणगुणीसकट, कायमचं ठेवलं. आणि वरच्या पट्टीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अगं आई, अहो आई'.

तिचा स्वभाव बदलला असं म्हणालो तर ते खोटं होईल. दूधवाल्याला ती अजूनही साखळीतून बघते. दुसरी एक कोरी कॅसेट कुठूनशी मिळाली, तर तिचाही तिने आधी वास घेतला. पण ती माझ्या पोटात घालून तिने मला सासूबाईंच्या पुढ्यात, भाजीच्या टोपलीशेजारी ठेवलं.

"हे काय आता?" सासूबाई म्हणाल्या. "मी गप्प बसू का उठून जाऊ?"

"काहीच करू नका. तुमचं काय चाललंय ते चालू द्या."

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारखा एखादा म्हातारा तुमच्या घरी कपाटावर पडला असेल, तर सेल काढून ठेवा, डोक्यावरची धूळ कापसाने पुसा. वेबसाइटवरची गाणी जपायची असतील तर ज्यांची आहेत त्यांना विचारा आणि लुकलुकणाऱ्या बटणांवर खुशाल संशय घ्या. पण घरातलं कुणी गुणगुणत असेल, तर त्याला श्श करण्याआधी माझं लाल बटण दाबा. आणि शेजारचंही. एकटं दाबून भागत नाही.